वेदीमागची ओल

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कॅथेड्रलच्या वेदीमागची भिंत ओली सापडली. सलग नवव्या वर्षी, त्याच तारखेला.

फादरनी निवृत्त मिस्त्रींना बोलावलं. भिंत त्यांनीच ओतली होती. जुनं चर्च पाडून हे उभं राहिलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती: ना खांब, ना नक्षी, साठ फूट उंच वक्र काँक्रीट आणि छतालगतच्या काचेतून झिरपणारा निळा उजेड. अशी भिंत एका दमात ओतावी लागते. मध्ये हात थांबला, तर जोड कायमचा दिसतो.

नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला मिस्त्रींचा हात एकोणीस तास थांबला नव्हता. त्या दिवशी घरून तीन निरोप आले. त्यांची सात वर्षांची लेक, ठकी, तापाने फणफणली होती आणि बाबांना बोलवा म्हणत होती. ‘एवढं संपवून आलोच,’ असं त्यांनी तिन्ही वेळा कळवलं. पोचले तेव्हा बोलावणारी उरली नव्हती.

“काय मिस्त्री, तुमच्या भिंतीला घाम फुटलाय!” फादर म्हणाले.

“मागे पाइप नाही. छत?”

“ठणठणीत कोरडं. आणि ओल दर वर्षी वर सरकते. पहिल्यांदा इथे होती.” फादरनी छातीपाशी हात धरला.

ओल तळहाताएवढी होती. मिस्त्रींनी टेप लावला. पाच फूट एक इंच. घरच्या दाराच्या चौकटीवर ठकीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा होत्या. शेवटची तीन फूट नऊ इंचांवर. ती असती तर आता सोळाची असती.

त्यांनी हात टेकवला. भिंत गरम होती. काँक्रीट घट्ट होताना तापतं, पण पहिले काही दिवसच.

ओल रोखणाऱ्या लेपाचा डबा उघडून त्यांनी खालून ब्रश चालवायला सुरुवात केली. ओलीपर्यंत पोचले, तोच फोन वाजला. बायको होती.

“अहो, घरी या.”

“एवढं संपवून...”

ब्रश तिथेच टाकून ते धावत सुटले.

बायको दारातच उभी होती. “मी पुसलं,” ती म्हणाली. “परत येतंय.”

कॅथेड्रलची भिंत तेव्हापासून कोरडी आहे. लेप जिथे थांबला, ती रेघ दिसते. मिस्त्री ती पुसू देत नाहीत. घरची चौकट लाकडाची आहे. पाच फूट एक इंचावर ती रोज सकाळी ओली असते, आणि हाताला गरम लागते.

पेन्सिलखुणा आतल्या अंगाला आहेत. ओल बाहेरच्या, कुणी दार उघडायची वाट पाहत टेकावं तशी.