उडी मारा, भूकंप बघा

विद्यापीठाचा विज्ञानमेळा म्हणजे रिश्टरबाईंच्या मते वर्षातला सगळ्यात वाया गेलेला रविवार. प्रवेश फुकट, प्रत्येक वस्तूला हात लावायची मुभा, आणि निघताना पोराच्या हातात एक फुगा. फुकट ते पौष्टिक. यातले निम्मे लोक फुग्यासाठी येतात आणि उरलेले सावलीसाठी, असं बाई कुणीही न विचारता सांगत.

रिश्टरबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. भूकंपशास्त्र शिकवायच्या आणि कधी कुणावर फुटतील याचा नेम नसायचा, म्हणून विद्यार्थ्यांनी ते ठेवलं होतं. सकाळी त्या विभागात शिरल्या की पोरं एकमेकांना हळूच विचारत, "आज किती?" बाईंना हे ठाऊक होतं. पण विद्यार्थ्यांची विनोदबुद्धी चौथ्या इयत्तेतच थांबते असं त्यांचं मत होतं, म्हणून रागवायची तसदीही त्यांनी कधी घेतली नाही.

या वर्षी विभागप्रमुखांनी नेमकं त्यांनाच मेळ्याला जुंपलं. सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यात जमिनीवर एक लाकडी फळी ठेवली होती. फळीशेजारी जमिनीचा कंप टिपणारं डबीएवढं यंत्र, आणि टेबलावर कागद गुंडाळलेलं एक फिरतं नळकांडं. पोरानं फळीवर उडी मारली की नळकांड्यावरची लेखणी खर्रकन हलायची आणि कागदावर टोकदार रेघ उमटायची. वर पाटी होती, 'उडी मारा, भूकंप बघा'. शेजारच्या टेबलावर रसायनशास्त्राचे सर बाटल्यांतून रंगीत फेस उसळवत होते. डोक्यावर चकचकीत कागदाची टोपी. पदव्या तीन आणि धंदा विदूषकाचा, असं मनाशी म्हणत बाईंनी तिकडे पाठ केली.

दुपार कलली तेव्हा फुगे संपले आणि गर्दीही ओसरली. तेवढ्यात एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा एक मोजा घसरून बुटात गेला होता.

"यानं भूकंप आधी कळतो का हो, मॅडम?" आईनं विचारलं.

"ते कळलं असतं तर मी इथे उभी असते का?" बाई म्हणाल्या. "मार गं उडी. लवकर."

मुलीनं उडी मारली. लेखणी हलली, रेघ उमटली. मुलगी हसली. मग लेखणी पुन्हा हलली. तशीच रेघ, जराशी बुटकी.

"तिनं पण मारली," मुलगी म्हणाली.

"कुणी?"

"खालचीनं."

बाईंनी आईकडे असं पाहिलं, जणू हे तिनंच पोरीला शिकवून आणलं होतं. "कंप खाली जातो, खडकावर आपटतो आणि परत येतो. प्रतिध्वनी म्हणा, समजेल असं सांगायचं तर. या सभागृहाखाली तळघर नाही, नळ नाहीत, काही नाही. अखंड खडक आहे. मी स्वतः तपासलाय. पण अभ्यास नसला की तुमच्यासारख्यांच्या डोक्यात भलतंच येतं."

आईचा चेहरा उतरला.

मुलीनं लागोपाठ दोन उड्या मारल्या. दोन रेघा उमटल्या. नळकांडं खरखरत फिरत राहिलं. मग तशाच आणखी दोन रेघा आल्या. मुलगी स्तब्ध उभी राहिली, आणि तरीही कागदावर सावकाश, मोजून मारल्यासारख्या, तीन रेघा उमटल्या.

"आता ती म्हणते, तीन मार," मुलगी म्हणाली.

प्रतिध्वनी कधी हाकेच्या आधी येत नाही. बाईंना हे इतरांपेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. त्यांनी नाइलाजानं रसायनवाल्या सरांना हाक मारली. सरांनी टोपी सावरत कागद पाहिला आणि म्हणाले, "मागे जनरेटर चालू असेल, मॅडम." बाईंनी कान दिला. जनरेटर बंद होता. एकूणच सगळं बंद पडल्यासारखं शांत होतं. फक्त लेखणीची खरखर. आणि एक वास येऊ लागला होता. व्हिनेगरचा नाही, फेसाचा नाही. हातोडीनं खडक फोडला की पहिल्या क्षणाला येतो तो, करपल्यासारखा, कोरडा. हा वास बाईंच्या ओळखीचा होता. डोंगरात. बंद सभागृहात नव्हे.

"चल, घरी जाऊ," आई मुलीला म्हणाली.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "फुकट आलात ना? मग मारू दे आणखी एक."

"नको..." मुलगी पुटपुटली. "ती वर येतेय."

"मार म्हटलं ना."

मुलीनं आईकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि अगदी हलकी, टाचा जेमतेम उचलल्या जातील एवढीच उडी मारली. लेखणीनं एवढी जोराची झेप घेतली की ती कागदाच्या कडेबाहेर गेली. टेबलावरचा पाण्याचा पेला मात्र हललाही नाही. फक्त बाईंच्या उजव्या तळव्याला, चपलेच्या खालून, काहीतरी येऊन टेकलं. पावलाच्याच आकाराचं. पाचही बोटं वेगवेगळी कळत होती.

आईनं मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि मागे न बघता ती चालू लागली.

लेखणी पुन्हा कागदावर आली होती. आता ती बारक्या, सारख्या रेघा काढत होती. चालल्यासारख्या. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपेक्षा लहान. बाईंना ती भाषा वाचता येत होती. जे काही होतं ते यंत्रापासून लांब जात होतं, दाराकडे, त्या दोघींच्या मागोमाग.

"मॅडम, कुठे निघालात?" रसायनवाले सर विचारत होते. बाई पळत सुटल्या होत्या. कित्येक वर्षांत त्यांना कुणी पळताना पाहिलं नव्हतं. टाचा फरशीवर खडखड वाजत होत्या.

मायलेकी त्यांना बसथांब्यावर भेटल्या, वाहनतळाच्या पलीकडे. मुलगी अजून कडेवरच होती. एवढी मोठी मुलगी, आईचा खांदा दुखत असणार, पण आईनं तिला खाली ठेवलं नव्हतं.

"ऐका," बाईंना धाप लागली होती. "मुलीला सांभाळा. ते... तुमच्या मागे आलंय. मी कागदावर पाहिलं."

आईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय आलंय?"

बाईंनी पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं.

"खाली तर अखंड खडक आहे ना, मॅडम?" आई शांतपणे म्हणाली. "तुम्ही स्वतः तपासलाय. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी असं बोलू नये. बरं दिसत नाही."

बस आली. आई पायरी चढत असताना मुलगी तिच्या खांद्यावरून वाकून बाईंच्या पायांकडे बघत होती.

"मला आईनं उचललंय ना," ती हळूच म्हणाली, "म्हणून तिला माझे पाय सापडत नाहीत. ती कधीची शोधतेय..."

"आणि आता?" बाईंनी विचारलं.

मुलीनं आईच्या मानेत तोंड लपवलं. दार मिटलं आणि बस निघून गेली.

वाहनतळावर ऊन होतं. दोन-चार गाड्या उभ्या होत्या, फुटक्या फुग्यांचे तुकडे वाऱ्यानं सरकत होते. मूर्खपणा, बाई स्वतःशी म्हणाल्या. एक अडाणी बाई, एक बडबडी कार्टी, आणि त्यांच्या नादी लागलेली आपण. त्यांनी सभागृहाच्या दिशेनं पाऊल टाकलं. चपलेखालून हलकीशी ठक आली. दुसरं टाकलं. पुन्हा ठक. थोडं थांबून टाकलं, तर तीही थोडं थांबून आली. बाई टाचा न वाजवता चालू लागल्या, मग पाय घासत, मग चपला हातात घेऊन अनवाणी. तापलेलं डांबर पायांना भाजायला हवं होतं. ते गार होतं.

त्या थांबल्या. उजवा पाय उचलला आणि हवेतच धरून ठेवला. तो कुठे टाकायचा हे त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

तेवढ्यात पुढे, हातभर अंतरावर, डांबराच्या आतून कुणीतरी अलगद पाऊल वाजवून जागा दाखवली.