वजनकाट्यावरचे ऊन

ऊन आधी बाभळीच्या शेंड्यावर आले. मग कांद्याच्या चाळीवरून सरकत, कुणालाही न दुखावता, समाजमंदिराच्या ओसरीत उतरले. तिथे टांगलेल्या वजनकाट्याच्या काचेवर क्षणभर थबकले, रिकाम्या झोळीत शिरले आणि शेवटी, जणू संकोचून, यशोधरेच्या पावलांपाशी येऊन बसले. रोजचेच ऊन. समाधान मात्र पायरीवर उभा राहून ते पाहतच राहिला...

संस्थेच्या बालपोषण कार्यक्रमाचे मूल्यमापन त्याच्याकडे होते. महाळुंगे पडवळ या गावाचे नाव निघाले ते निव्वळ चिठ्ठीने. आरोग्यसेविकेने, म्हणजे यशोधरेने, घेतलेली मुलांची वजने पुन्हा घेऊन पाहायची आणि पुढच्या गावी जायचे, एवढेच काम. तरी आज तो चौथ्यांदा आला होता.

"आलात? काटा तोच, लेकरं तीच, मीही तीच," यशोधरा म्हणाली. "आज तुम्हालाच झोळीत बसवते, सर. लई सुकलात."

"खात्री... करून घ्यावी लागते."

"कुणाची? माझी?"

तो काट्याकडेच पाहत राहिला. कान मात्र तापले.

ऊन चढले तरी झोळी रिकामीच. एकही आई फिरकली नाही. शेवटी बयाबाई आल्या, पण नातवाला कडेवर घट्ट धरून पायरीखालीच थांबल्या.

"आजी, आणा ना शौर्यला," यशोधरा म्हणाली.

"न्हाई बाई." म्हातारी समाधानकडे वळली. "पावणं, बाकीच्या गावांत तुमी एकदाच जाता. हितं सारखं येताय. पोरीच्या कामात कायतरी काळंबेरं असंल, असं समदी म्हनत्यात."

झोळीची गाठ आवळणारे यशोधरेचे हात थांबले.

"सांगा, सर." तिच्या आवाजातली थट्टा विझली होती. "तीन वर्षं आया विश्वासानं लेकरं आणत व्हत्या... कुठं चुकले मी?"

पडताळणी, अचूकता, कार्यपद्धती — सारे भारदस्त शब्द त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच लाजले. आपल्या येण्याने तिच्यावर सावली पडत होती, हे त्याला कधी दिसलेच नव्हते.

"आजी, यांचं एकही वजन चुकलेलं नाही. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं."

बयाबाईंनी त्याचा चेहरा निरखला. मग पायऱ्या चढून शौर्यला झोळीत ठेवले. काटा हलला, स्थिर झाला.

"मंग राव, येताय तरी कशाला?"

ऊन आता ओसरीभर पसरले होते. समाधानने प्रथमच यशोधरेच्या डोळ्यांत सरळ पाहिले.

"मी... यांना पाहायला येत होतो."