मुक्या खाडीचे संवाद

सकाळच्या बातम्यांत हवामानापाठोपाठ जलस्वर सांगायला लागून आता चार वर्षं झाली होती. पाऊस किती, वारा कुठून आणि कुठल्या खाडीत किती आवाज, हे लोक चहा पिता पिता ऐकत आणि विसरून जात. पुण्यातल्या डबिंग स्टुडिओत बसलेली मैथिली कुबल मात्र कप खाली ठेवून ऐकायची.

"कातळवेळ, शून्य," निवेदिका म्हणाली.

कातळवेळ मैथिलीचं गाव. हे आकडे देणारं यंत्र म्हणजे जलकर्ण. नारळाएवढा गोळा पाण्यात सोडला की तो पाण्याखालचे आवाज टिपायचा आणि कोळंबीची टकटक कुठली, माशाचा ढोल कुठला, हे ओळखून मोजायचा. पाण्यात किती जीव आहेत हे कळायला आता जाळं टाकावं लागत नव्हतं. त्यावरून कायदाही झाला. अठरा दिवसांच्या मोजणीत एकदाही चाळीस आवाज ऐकू आले नाहीत, तर ती खाडी 'मूक' ठरायची आणि तिच्यात भराव घालायला मोकळीक मिळायची. कातळवेळची खाडी गेल्याच वर्षी मूक ठरली होती. मूक खाडीत पुन्हा कोणी जलकर्ण सोडत नसे, बातम्यांत तिच्या नावापुढे रोज शून्यच सांगत. तिथे आता मालवाहू जहाजांचा धक्का होणार होता आणि शेवटची जनसुनावणी तेवढी बाकी होती.

मैथिली चित्रपटांचे मराठी संवाद लिहायची. सध्या तिच्यापुढे 'खारट चहा' नावाचा चिनी चित्रपट होता. त्यातली आ-लान ही पिवळ्या ढोम्यांच्या कुळातली मत्स्यकन्या. आपल्या घोळ माशाची ही पिवळी ढोमी म्हणजे चिनी चुलत बहीणच. आखातात भराव घालायला निघालेल्या एका इंजिनिअरच्या दारासमोर ती चहाची टपरी टाकते आणि तो खोटं बोलला की त्याच्या हातातला चहा खारट होतो. बिचारा पहिल्या अर्ध्या तासातच चहा सोडतो, पण तोवर चहावालीच्या प्रेमात पडलेला असतो. आ-लानचं सगळं कूळ पाण्याखालून त्यांच्या लग्नाची चर्चा करतं आणि ही चर्चा चालते ढोल वाजवल्यासारख्या आवाजात.

अडचण तिथेच होती. दिग्दर्शिका गुओ रुईफेंग यांनी करारात एक अट घातली होती. ज्या भाषेत चित्रपट जाईल त्या भाषेच्या किनाऱ्यावरचेच आवाज या कुळाला द्यायचे. बाई व्हिडिओ कॉलवर चिनीत तावातावाने बोलत होत्या आणि दुभाषा यंत्र ते मराठीत सांगत होतं. त्याला जुन्या पोथ्या वाचून शिकवलं असावं.

"हे भद्रे, कोणत्या जलाशयाचा ध्वनी योजणार आहेस?"

"कातळवेळच्या खाडीचा," मैथिली म्हणाली.

शेजारी बसलेला चित्रपटाचा मराठी निर्माता दचकला. "अगं, ती मुकी आहे. आत्ताच बातम्यांत ऐकलंस ना?"

"मुकी नाही ती. लहानपणी होडीत झोपले की तळातून ढोल ऐकू यायचे. ते जर खोटं असेल तर मला ते माझ्या कानांनी ऐकायचंय."

जलकर्ण चालवायला परवाना लागे. स्टुडिओने एक परवानाधारक बोलावला आणि तो नेमका सौमित्र लेले निघाला. कातळवेळची मोजणी करून ती मूक ठरवणाऱ्या अहवालावर त्याचीच सही होती. हे मैथिलीला गाडी कराडच्या पुढे गेल्यावर कळलं.

"तुम्हीच ते?"

"अहवालात सगळं आहे," सौमित्र शांतपणे म्हणाला. "तीन महिने, दर महिन्याला सहा दिवस. अठराही दिवस मी स्वतः होडीत होतो. एकदाही दहाच्या वर आवाज नाहीत. मी आकडे बनवत नाही हो."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे तिला दिसत होतं. म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. लबाड असता तर भांडता तरी आलं असतं. उरलेल्या वाटेत तिने त्याला चित्रपटाची गोष्ट सांगितली आणि इंजिनिअरच्या फजितीचे प्रसंग जरा जास्तच रंगवले. तो हसला आणि पुढच्या धाब्यावर चहा न घेता सरबत मागवलं. मैथिलीला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

कातळवेळच्या बंदरावर लवू तारी जाळं शिवत बसले होते. सत्तरी उलटलेले, मच्छीमार सोसायटीचे जुने अध्यक्ष आणि सगळ्या गावाचे लवूतातू. त्यांनी सौमित्रला लगेच ओळखलं.

"ह्यो तोच मां? खाडी मुकी म्हणान लिवणारो?"

"तोच," मैथिली म्हणाली. "तातू, खाडी खरंच मुकी झाली काय हो?"

लवूतातूंनी सुई खाली ठेवली. "भांगाक कोण बोलता गो? भांगाक आमी पन निजतंव."

सौमित्रला काही कळलं नाही. मैथिलीला मात्र कळलं. अष्टमीच्या सुमाराला समुद्राची भरती-ओहोटी अगदी मंद असते, त्या दिवसांना कोकणात भांग म्हणतात. पाण्याला ओढ नसते, जाळ्यात मासळी येत नाही, होड्या किनाऱ्यावर बसून असतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की गावातली एकही होडी जागेवर राहत नाही.

"तुम्ही मोजणीला होड्या कुठून घेतल्या होत्या?" तिने सौमित्रला विचारलं.

"इथूनच, सोसायटीकडून भाड्याने. ते म्हणतील त्या तारखांना."

"तातू, मगे होडये भांगाकच कित्याक दिल्यात?"

"उधाणाक होडी मोकळी असता खंय? भांगाक बसान असतत, म्हणान दिली." म्हातारा एवढं बोलला आणि थांबला. आपण काय केलं हे त्याला आत्ता, बोलता बोलता उमगलं होतं. "घोळ कधी बोलता म्हणान माका कोणी इचारूकच नाय," तो हळू आवाजात म्हणाला.

सौमित्रने खिशातून फोन काढून मोजणीच्या तारखा शोधल्या. मैथिलीने सोसायटीच्या भिंतीवर अजून लटकत असलेलं गेल्या वर्षीचं पंचांग काढून आणलं. सप्तमी, अष्टमी, नवमी. पुन्हा सप्तमी, अष्टमी, नवमी. शुद्ध आणि वद्य, तिन्ही महिने. कायद्यात अठरा दिवस लिहिले होते, ते कोणते असावेत हे कोणीच लिहिलं नव्हतं. सौमित्रने अठरावी तारीख जुळवली आणि पुन्हा पहिल्या तारखेपासून मोजायला लागला. इतका वेळ 'अहवालात आहे' म्हणणाऱ्या त्या माणसाची मैथिलीला पहिल्यांदा कीव आली.

पाच दिवसांनी अमावास्या होती. त्या दुपारी लवूतातूंनी दोघांना आपल्या होडीत घेतलं. सौमित्रने एकावर एक अशी दोन तरंगजाकिटं घातली होती. भरती भरून पाणी ओहोटीला लागलं, घोळीची बोलायची वेळ झाली, तसं तातूंनी इंजिन बंद केलं, वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवलं आणि दांडा कानामागच्या हाडाला टेकवला. लाकडातून आवाज वर चढतो. कातळवेळचे लोक घोळ कुठे आहे ते असंच ऐकत आले होते.

"आयक," म्हणून त्यांनी वल्हं सौमित्रच्या हातात दिलं.

सौमित्रने डोळे मिटले. आधी नुसती खळखळ होती. मग खोलवरून धुम्म आलं, त्याला दुसरं, तिसरं मिळालं. विणीच्या दिवसांत घोळीचे नर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून माद्यांना बोलावतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकात ते दोन ओळींचं होतं. इथे त्याच्या दातांपर्यंत ते ढोल पोचत होते. मैथिलीने पाण्यात सोडलेल्या जलकर्णाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. आकडा तीनशेच्या पुढे गेला होता. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती.

"माझा अहवाल चुकलाय," सौमित्र म्हणाला.

"हे सुनावणीत म्हणाल?"

"परवाना जाईल बहुतेक." त्याने वल्हं तातूंच्या हातात परत दिलं. "म्हणेन."

सुनावणी मार्गशीर्षातल्या अष्टमीला ठेवली होती. त्यातही कोणाचा डाव नव्हता. गावकऱ्यांचा मासेमारीचा दिवस बुडू नये म्हणून सगळ्या सभा, निवडणुका, अगदी लसीकरणसुद्धा भांगालाच ठेवा, असा अर्ज सोसायटीनेच पूर्वी कधी तरी दिला होता. लवूतातू आयुष्यात पहिल्यांदा तारीख बदलून मागायला कचेरीत गेले. पौर्णिमेला आणि किनाऱ्यावरच घ्या म्हणाले. कारकुनाने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पौर्णिमेला कातळवेळच्या किनाऱ्यावर बत्तीस होड्या ओढून ठेवल्या होत्या. उधाणाच्या दिवशी असं दृश्य गावात कोणी पाहिलं नव्हतं. इंजिनांचा आवाज खाडीत नको म्हणून सगळ्यांनी दिवस सोडला होता आणि शेजारच्या दोन गावांनीही त्यांचं ऐकलं होतं.

सुनावणीच्या अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी वासंती गायधनी होत्या. धक्का बांधणाऱ्या कंपनीचे वकील हुशार होते. अमावास्येचं ध्वनिमुद्रण त्यांनी ऐकून घेतलं आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, हे एका प्रेमाच्या विनोदी चित्रपटासाठी केलेलं काम आहे. त्यात म्हणे चहा आपोआप खारट होतो. उद्या पडद्यावरचा ड्रॅगन आणून तोही खाडीत राहतो म्हणतील."

काही लोक हसले. सौमित्र उभा राहिला.

"अठराही दिवस मी भांगात मोजले. उपकरण बरोबर होतं, दिवस चुकीचे होते. चूक माझी आहे. मी ज्यांच्या होडीत बसलो होतो त्यांना एक प्रश्न विचारला असता तरी ती झाली नसती."

"आणि होडी आमी दिली," लवूतातू मागून ओरडले. "चूक आमची पन आसा. लिवन घेवा!"

गायधनी मॅडमनी ते खरंच लिहून घ्यायला लावलं. मग घड्याळ पाहिलं. दुपारचे साडेबारा वाजत होते, पाणी काठोकाठ होतं. "सोडा तुमचा नारळ पाण्यात," त्या म्हणाल्या.

दोन्ही तरंगजाकिटं घालून सौमित्रने जलकर्ण पाण्यात सोडला. त्याला जोडलेल्या कर्ण्यावर खरखर आली, कोळंबीची टकटक आली आणि आकडा अकरावर थांबला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वकील कागद आवरू लागले. पाणी मागे सरकू लागलं. पाण्याच्या कडेची होडी वाळूला टेकून जरा तिरकी झाली. आणि कर्ण्यातून धुम्म झालं.

एका घोळीला दुसरीने उत्तर दिलं आणि मग सगळी खाडी बोलायला लागली. आकडा चाळीस ओलांडून गेला तेव्हा आरडाओरडा झाला. तो सहाशेवर गेला तेव्हा मात्र किनारा चिडीचूप झाला, कारण प्रत्येकाला ऐकायचं होतं. गायधनी मॅडम चपला काढून गुडघाभर पाण्यात गेल्या, तातूंकडून वल्हं मागून घेतलं आणि कानाला लावलं. वर आल्या तेव्हा साडी भिजली होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"ही खाडी मूक नाही," त्यांनी सांगितलं. "भरावाची परवानगी रद्द."

मग कोणी कोणाला मिठी मारली याचा हिशेब राहिला नाही. लवूतातू वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. मैथिलीने सौमित्रला दोन्ही जाकिटांसकट कवटाळलं आणि गावच्या बायकांनी ते नीट पाहून ठेवलं. त्याचा परवाना सहा महिने स्थगित झाला. त्याला त्याचं वाईट वाटलं, पण झोप छान लागली.

फाल्गुनात 'खारट चहा' मराठीत तयार झाला आणि पहिला खेळ कातळवेळच्या किनाऱ्यावर, दिवेलागणीला झाला. गुओबाई स्वतः आल्या होत्या. आ-लानचं कूळ पडद्यावर जमलं, लग्नाची वाटाघाट सुरू झाली आणि पाण्याखालून ढोल घुमले. पहिल्याच ढोलाला अख्खा किनारा उभा राहिला. "आमचीच ती! आमची घोळ!" मुलीकडचे म्हणून सगळं गाव त्या लग्नात शिरलं आणि नवरदेव पुन्हा थाप मारू लागला तेव्हा त्याला चहूबाजूंनी शिव्या पडल्या. मैथिलीने लिहिलेला एकही विनोद कोणाला ऐकू गेला नाही आणि तिला त्याचं जराही दुःख झालं नाही.

खेळ संपल्यावर गुओबाई तिच्याजवळ आल्या. दुभाषा यंत्र घसा खाकरल्यासारखं करून म्हणालं, "हे भद्रे, माझ्या देशातही मूक ठरलेली आखातं आहेत. त्यांची गणना करणाऱ्यांनी नौका कोणत्या तिथीला घेतल्या, हे मी कधी विचारलं नाही."

सौमित्र शेजारीच उभा होता. त्याने फोन पुढे केला. राज्यात मूक ठरलेल्या खाड्यांची यादी होती, एकसष्ट नावांची. प्रत्येक नावापुढे त्याने मोजणीच्या तारखा आणि त्यांच्या तिथ्या लिहिल्या होत्या. मैथिली वाचत खाली गेली. सप्तमी, अष्टमी, नवमी. सप्तमी, अष्टमी, नवमी. त्यातल्या चौदा खाड्यांवर भराव घालून झाला होता. त्या नावांशी तिचं बोट थांबलं, कारण त्यांना आता कोणीच काही विचारू शकणार नव्हतं. पण सत्तेचाळीस अजून पाण्याने भरलेल्या होत्या.

"होड्या मिळतील?" तिने विचारलं.

"तातू म्हणाले, उधाणाला देतील. बत्तीसच्या बत्तीस."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो या सगळ्यात आपल्याबरोबर येणार की नाही, हे विचारायची गरज तिला वाटली नाही.

"मग सांगा लेले, आधी कोणती ऐकायची?"