मधली गाठ

त्या सपाट माथ्याच्या डोंगरावर वाटाड्याने तीस वर्षं माणसं नेली-आणली, आणि एकालाही साधं खरचटू दिलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा, मिशीवर ताव देत. आता गुडघे कुरकुरत होते. काम लेकीच्या हाती द्यायचं होतं, म्हणून आज तिची परीक्षा होती.

माथ्यावर जुना, पडका मठ. तिथे आता कोणी उरलं नव्हतं; पूर्वीचे भिक्षू जन्मभर मौन पाळायचे. धुक्यात ते एका दोराच्या गाठी धरून ओळीने चालायचे. पुढच्याने दोन हिसके दिले की ‘आहेस ना?’, मागच्याने दोन दिले की ‘आहे’. वाटाड्यांनी ती रीत जशीच्या तशी उचलली, कारण तिथल्या वाऱ्यात हाक पोचेलच असं नाही आणि कडा चारही बाजूंनी तुटलेला.

भर दुपारी धुकं उतरलं. ओल्या दगडांचा वास सुटला, स्वतःचे बूट दिसेनात. दोराची पहिली गाठ धरून वाटाड्या बिनघोर पुढे निघाला; मागे एक गाठ सोडून पुढची लेकीच्या हाती. दोन हिसके दिले, दोन आले. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. पोरगी तयार झाली म्हणून त्याची छाती फुगली.

उतरणीच्या पायऱ्यांशी तो थांबला. तेवढ्यात डावीकडून, बऱ्याच लांबून, लेकीचा आवाज आला.

“बाबा, सावकाश... किती ओढताय...”

“मी उभा आहे.”

“मग दोर...”

त्याच्या मुठीतल्या दोराला दोन हिसके बसले. न विचारता.

तो ओरडला, “सोड तो. आहेस तिथे खाली बस. बोलत राहा... काहीही बोल.”

ती बाराचा पाढा म्हणू लागली. त्या आवाजामागे तो चाचपडत गेला. ती सापडली तेव्हा तिच्या गुडघ्यांपुढे जमीन नव्हती. त्याने तिचं मनगट धरलं ते थेट पायथ्याशी सोडलं.

“उद्यापासून हे बंद,” तो म्हणाला.

“बंद कशाला?” लेक शांतपणे म्हणाली. “नीट करू.”

सकाळी लख्ख ऊन होतं. चार पाहुणे आले. लेकीने पहिली गाठ स्वतः धरली, दुसरी मोकळी सोडली आणि तिसरीपासून पाहुण्यांना दिल्या.

“ही कोणाला?” वाटाड्याने हळूच विचारलं.

“आपल्या दोघांच्या मध्ये होता ना, त्याला. माझ्या हाताशी असलेला बरा.”

ओळ चढू लागली. मोकळ्या गाठीपाशी दोर लोंबायला हवा होता. तो हाताच्या उंचीवर ताठ होता.