ट्राम पुलाकडे वळलीच नाही

एक आजीबाई ट्राममध्ये चढल्या, तशी राडका आणि समोरच्या बाकावरचा एक अनोळखी तरुण, दोघंही एकदम उठले. प्रागमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायला जरा उशीर झाला की अख्खी ट्राम डोळे वटारते. त्या घाईत दोघांची डोकी अशी टणकन आपटली, की राडकाच्या हातून निसटलेला केकचा डबा त्याने कसाबसा झेलला.

"लागलं का हो तुम्हाला?"

"मला नाही. पण केकला लागलं असेल, तर आज माझं काही खरं नाही!"

"केकवर एवढा जीव?"

"होणाऱ्या सासूबाईंसाठी आहे," राडका बोलून गेली आणि स्वतःच दचकली. हे शब्द तिने अजून ओटासमोरसुद्धा उच्चारले नव्हते.

ओटा तिचा दोन वर्षांचा मित्र. आज पहिल्यांदाच तो तिला आईवडिलांकडे, नदीकाठच्या सुट्टीतल्या घरी नेणार होता. आणि इकडे मुलाने त्या घरी नेलं, की लग्न ठरल्यातच जमा. नदीपलीकडच्या स्मीखोव स्टेशनवर तो तिची वाट बघत असणार. ओटा चांगला होता हो, अगदी चांगला! मग सकाळपासून त्या घरी जायचं नको का वाटतंय, ते तिला काही केल्या उमजत नव्हतं.

तेवढ्यात ट्राम पुलाकडे वळायची सोडून नदीच्या कडेने भलतीकडेच सुटली.

"अगंबाई! ही कुठे निघाली?"

आजीबाईंनी दोघांची कीव केली. "उन्हाळ्यात रूळ उखडतात, मग ट्रामा फिरवून नेतात. प्रत्येक थांब्यावर पिवळा कागद डकवलाय. पण तो वाचायचा पाहुण्यांनी. आपण इथलेच ना, आपल्याला सगळं पाठ!"

दोघं पुढच्याच थांब्यावर उतरले.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मलाही स्मीखोवलाच जायचंय, बहिणीचं कपाट जोडून द्यायला. ही समोरची बस आपल्याला थेट पलीकडे नेईल. मी शाळेत भूगोल शिकवतो."

बस पलीकडे गेली नाही. ती धापा टाकत पांक्रात्सच्या टेकडीवर चढली. खाली नदी... आणि नदीपल्याड स्मीखोव.

"काय हो मास्तर, वर्गातली मुलं घरी सुखरूप पोचतात ना?"

"पोचतात. ती मला विचारत नाहीत!"

राडका खळखळून हसली. रागवायचं सोडून आपण हसतोय काय? तिचं तिलाच कळेना.

टेकडीवरून मेट्रोने मुख्य स्टेशन गाठायचं ठरलं. ओटाबरोबर जायची ती गाडी तिथूनच सुटून पुढे स्मीखोवला थांबायची. मेट्रोत एकाच दांड्याला धरून उभं असताना ती एकाएकी म्हणाली, "हे तुम्ही-तुम्ही पुरे झालं. मी राडका."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इकडे एकमेकांना अरे-तुरे करायचं हे बाईनेच सुचवायचं असतं, आणि ती काही ट्राममधल्या कुणालाही सुचवत नाही.

"मी... हिनेक."

मुख्य स्टेशनवर जिने चढत, धावत, हसत त्यांनी गाडी पकडली. आता जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. हिनेक डबा मांडीवर घेऊन समोर बसला, आणि गाडी नदीवरच्या पुलाकडे निघाली.

"स्मीखोवला उतरशील ना?" तिने विचारलं.

"उतरायलाच हवं. तू पुढे जाणार."

"हो... जाणार."

"मग अशी रडवेली का झालीस?"

"मला काय माहीत! सगळा घोळ झालाय नुसता..."

त्याने डबा मांडीवर नीट बसवला. मग हळूच म्हणाला, "स्मीखोव येऊच नये, असं वाटतंय मला. हे बोलायला नको होतं... पण आता बोललो."

"वेडा आहेस," राडका म्हणाली.

गाडी थांबली. फलाटावर ओटा होताच, पाठीवर पिशवी, डोळे घड्याळावर. राडका दारात आली.

"अगं, तू आतून कशी? जागा धरलीस ना? आई बाराच्या ठोक्याला सूप वाढते, माहितेय ना तुला! आणि..." त्याचं लक्ष डबा घेऊन मागे उभ्या असलेल्या हिनेककडे गेलं. "हा कोण?"

राडका खाली उतरली, तिच्यामागे हिनेकही. "अजून मला नीट माहीत नाही, ओटा. पण आज मी दोनदा भलतीकडे गेले. आणि एकदाही वाटलं नाही, की तू हवा होतास. आज तुझ्या घरी आले असते, तर ती फसवणूक झाली असती रे."

ओटाचं तोंड एवढंसं झालं. शिट्टी वाजली.

"आईला काय सांगू मी?"

"खरं ते सांग. चूक माझी आहे."

तो एकटाच गाडीत चढला. गाडी गेली, आणि राडकाला रडू फुटलं. दोन वर्षं काही थोडी नसतात. हिनेक दोन पावलं पुढे आला, एक मागे गेला.

"राडका... मी जवळ येऊ, की लांबच उभा राहू?"

"माहीत नाही," ती हुंदके देत म्हणाली. "मला काहीच माहीत नाही, हिनेक... पण जाऊ नकोस."