नीलकंठकाकांची पहिली ओळ

दार लोटून घ्या पोरांनो, आणि हसायचं नाही. आमच्या राइट टाउनातल्या अच्युतची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

नर्मदा जयंतीची रात्र. अख्खं जबलपूर द्रोणातले दिवे सोडायला नर्मदेच्या ग्वारीघाटावर. अच्युत तेवढा ऑफिसात एकटा, नवा सर्व्हर उभा करायला गेलेला. मशीनमध्ये काय काय आहे, कुठली डिस्क वापरायची, कुठली पुसून कोरी करायची, सगळं एका फाइलीत लिहायचं. लिहाल तसं मशीन उभं राहतं. न लिहिलेलं त्याच्या लेखी नाहीच.

हे त्याला शिकवलं ऑफिसातल्याच जुन्याजाणत्या नीलकंठकाकांनी. काका प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर आधी ‘नर्मदे हर’ लिहीत, मग कामाला लागत. ती ओळ मशीन वाचत नाही, माणसं वाचतात.

दोन वर्षांपूर्वी अच्युतनं घाईत दुसऱ्याच मशीनची फाइल उचलून तशीच चालवली. भलतीच डिस्क पुसली गेली. एका दवाखान्याची सगळी माहिती गेली. आणि साहेब यायच्या आत या पठ्ठ्यानं फाइलीवर लिहिलं… ‘नर्मदे हर’. म्हणजे फाइल काकांची ठरली. काकांनी ती ओळ पाहिली. मग अच्युतकडे पाहिलं. आणि दोष स्वतःच्या अंगावर घेतला. काकांची नोकरी गेली, वर्षभरात काकाही गेले. त्यांची बायको, हेमलताकाकू, भेटल्या की विचारायच्या, “हे असे चुकले काहून रे, अच्युत?” चोराच्या मनात चांदणं. हा मान खाली घालून निघून जायचा.

तर त्या जयंतीच्या रात्री त्यानं फाइलीत एकच डिस्क लिहिली. मशीन उठलं. पडद्यावर दोन. दुसरी… तीच. दवाखान्याची, पुसलेली.

फाइल उघडली. डोक्यावर ‘नर्मदे हर’. यानं लिहिलंच नव्हतं. पुसलं. चालवलं. पुन्हा तेच. पुसलं… पुन्हा.

मशीनचे पंखे थांबले. ओल्या रेतीचा वास आला.

“काका…?”

…

भीती राहिली बाजूला. लाजेनं त्याला रडू फुटलं. त्यानं काकूंना फोन लावला. त्या घाटावरच होत्या.

“काकू, काका चुकले नव्हते. मी केलं ते. त्यांच्यावर ढकललंही मीच.”

पलीकडे नुसत्या आरतीच्या घंटा…

“अच्छा,” काकू म्हणाल्या. मग म्हणाल्या, “आत्ताच त्यांच्या नावाचा दिवा सोडला रे. कुठं गेला, दिसूनच नाही राहिला.”

फोन बंद झाला. पंखे फिरू लागले. पडद्यावर एकच डिस्क.

अच्युतनं स्क्रू काढून पेटी उघडली. आतही डिस्क एकच होती. तिच्या शेजारच्या रिकाम्या खाचेत पानांचा द्रोण होता, ओला. त्यातली वात अजून गरम होती.