तलावाची दुसरी प्रत

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने वीज वाचवायचं ठरवलं, तेव्हा पहिली कुऱ्हाड तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीवर पडली. ग्रंथपालांनी शाश्वत विकासावर तासभर भाषण ठोकलं आणि ते आपल्या गारेगार खोलीत निघून गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं मनातल्या मनात म्हणत डिजिटल विभागाची प्रमुख कामाला लागली.

काम सरळ होतं. प्रत्येक संशोधनाच्या दोन प्रती होत्या, एक वरच्या मजल्यावरच्या नव्या यंत्रात, एक तळघरात. दोन्ही ताडून पाहायच्या, चांगली नव्या यंत्रात ठेवायची, दुसरी कायमची पुसायची. फाईल बिघडते ती बहुधा शेपटाकडून. म्हणून ध्वनिमुद्रण असेल तर दोन्हींचा शेवट माणसाने कानांनी ऐकायचा, हा नियम तिनेच घालून दिला होता. एकदा दुधाने तोंड पोळल्यापासून ती ताकही फुंकून प्यायची.

दादाचं काम तिने मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं होतं.

तिचा थोरला भाऊ शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव मोजायचा. गाळ किती साचला, पाणी अजून किती पिढ्यांना पुरेल, हे त्याचं संशोधन. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडताना हात मोकळे नसत, म्हणून नावेत ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालू ठेवून तो पाण्याची खोली मोठ्याने सांगत जाई. पुढे त्याच तलावात नाव उलटून तो गेला. घरी त्याचे फोटो ढीगभर होते, आवाज मात्र फक्त इथे होता. इतके दिवस तो ऐकायचा आईला धीर होत नव्हता. आज तिने मन घट्ट केलं होतं, आणि संध्याकाळी ती येणार होती.

विजेचं काम करणारे काका तळघराच्या दारात टेकून उभे होते. "मॅडम, उरकलं का? इथला मेन स्विच पाडल्याशिवाय मला घरी जाता येत नाही."

"एकच राहिलंय, काका."

तिने हेडफोन लावला. वरची प्रत आधी.

"चार मीटर. गाळ. बस, आता घरी." मग खट्कन यंत्र बंद.

आता तळघरातली. तेच शब्द, तोच थकलेला सूर. पण खट् झालं नाही. पाणी फळ्यांवर थपथपत राहिलं. ओली दोरी लाकडावर घासली.

"सहा मीटर. गाळ."

ती सावरून बसली. ही प्रत ठेवल्यापासून कुणी उघडलेलीसुद्धा नव्हती.

"नऊ मीटर."

इतका खोल तो तलाव कुठेच नव्हता. दादाच्याच नकाशावरून तिला ते ठाऊक होतं.

"तेरा मीटर." श्वास लागलेला. अगदी कानाशी. "बबडे, तू आहेस ना?"

बबडी तिला फक्त तोच म्हणायचा. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. पण त्याहून जास्त तिला आनंद झाला होता.

"मॅडम, बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे. थांबा जरा."

नोंदलेल्या लांबीशी जुळत नसेल ती प्रत बिघडलेली समजायची आणि पुसायची, हाही नियम तिचाच. नव्या यंत्रात एका कामाची एकच प्रत राहत होती, आणि पेनड्राइव्ह लावायला तिनेच बंदी घातली होती. स्वतःच्याच दोरीने ती बांधली गेली होती.

तरीही तिने तळघरातली प्रतच वर पाठवली. वरची पुसली गेली.

"पाडा," ती म्हणाली. पंख्यांची घरघर हळूहळू विझली.

आई वेळेवर वरच्या मजल्यावर आली. हेडफोन लावून, डोळे मिटून बसली.

मग तिने डोळे उघडले.

"दादा कधी बोलणार गं?"

"बोलतोय की, आई."

"नाही गं. हा तर तुझा आवाज आहे. पाण्यात कधी गेली होतीस तू?"

ती आयुष्यात नावेत बसली नव्हती. तिने आईच्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला.

दादा कुठेच नव्हता. कुणीतरी ओली दोरी सोडत होतं, आणि तिचा स्वतःचाच आवाज, जराही न कापता, खोली सांगत होता.